वाचनात मागे पडण्याला घरची बोली कारणीभूत असते का?
नागपुरात दुसरीत शिकणारा आपला मुलगा वाचनात मागे पडतो, याला घरातली वऱ्हाडी बोली कारणीभूत आहे का, असे आपण विचारले आहे. तसे नाही. अध्ययन अक्षमतेत, म्हणजे बुद्धी सामान्य असूनही वाचन-लेखन किंवा गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीत, सर्वांत ठळक जोखीम आनुवंशिक असते. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला वाचन-लेखनात अशीच अडचण असल्यास शक्यता बरीच वाढते. त्याखालोखाल गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेला जन्म, अडीच किलोपेक्षा कमी जन्मवजन आणि उशिरा फुटलेले बोलणे विचारात घ्यावे. 'पाणी'चे 'पानी' लिहिणे ही आपल्याकडची उच्चाराची सवय आहे (माझ्याही वहीत ती होती). मात्र 'कमळ' वाचताना एकेक अक्षर सुटे उच्चारून शेवटी वारंवार भलताच शब्द म्हणणाऱ्या मुलाची तज्ज्ञांकडून तपासणी व्हायला हवी. त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत.