नायट्रो हायड्रोप्लेन स्टँडवर खणखणीत, पाण्यात दुसऱ्या फेरीत वळणानंतर बंद. सुई किती आटे उघडी ठेवू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रेडिओने चालवायची छोटी बोट, 3.5 सीसीचं पाण्याने थंड होणारं इंजिन, मोठ्या शर्यतीच्या बोटीच्या आराखड्यावरून घरी बांधलेली हायड्रोप्लेन (पाण्याला जेमतेम टेकून धावणारी शर्यतीची बोट), 50 टक्के नायट्रोचं (नायट्रोमिथेनचं) इंधन. स्टँडवर उत्तम चालते, पहिली फेरी नीट मारते, दुसऱ्या फेरीत वळणातून बाहेर पडताना आवाज अचानक चढतो आणि इंजिन गप्प. दोन ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती तार असलेले प्लग) जळाले. आता कार्बुरेटरची सुई (उघडली की इंजिनला इंधन जास्त, कसली की कमी) किती आटे उघडायची?

सुईला हात लावू नका. निदान आज तरी लावू नका.

हे तडकून लिहितोय याला कारण आहे. सिएटलजवळच्या ज्या तळ्यावर मी बोटी चालवतो, तिथल्या एका जुन्या खेळाडूशी माझा याच मुद्द्यावर दोन हंगाम वाद चालला होता. त्यांचं ठाम मत होतं की नायट्रो बोटीचा प्रत्येक आजार सुईने बरा होतो. त्यांची बोट हुबेहूब तुमच्यासारखीच वागायची: सरळ मार्गावर सुसाट, वळणातून निघताना आवाज चिरका होऊन बंद. ते सुई पाव आटा उघडायचे. मग बोट सरळ मार्गावर घुरघुरायची, धुराचा जाड पट्टा सोडत रखडायची, पण वळणानंतर बंद पडायची ती पडायचीच. एका सकाळी चार प्लग गेले. शेवटचा प्लग मी भिंगाखाली धरला. तार पांढुरकी, खरखरीत झालेली, वेटोळं एका बाजूला ओढलं जाऊन तुटलेलं. म्हणजे इंधन कमी पडत होतं. पण ते सगळीकडे कमी पडत असतं तर सुई उघडल्यावर भागलं असतं. ते फक्त वळणात तुटत होतं.

मी टाकीचं झाकण उघडायला लावलं. इंधन ओढणारी पितळी नळी पक्की बसवलेली होती, टाकीच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात.

खऱ्या मोठ्या हायड्रोप्लेन डावीकडे वळत धावतात, घड्याळाच्या उलट. रेडिओच्या बोटी उजवीकडे वळतात, घड्याळाच्या दिशेने. मोठ्या बोटीचा आराखडा लहान करून बांधणारे टर्न फिन (वळताना पाणी धरणारं पातं) उजव्या स्पॉन्सनवर (बोटीच्या पुढच्या बाजूच्या तरंगकावर) आणायचं लक्षात ठेवतात, कारण ते बाहेरून दिसतं. टाकी आत असते, ती विसरतात. उजव्या वळणात इंधन डावीकडे फेकलं जातं आणि वळणातून निघताना वेग घेतला की मागे. म्हणून नळीचं तोंड डाव्या मागच्या कोपऱ्यातच हवं. उजव्या कोपऱ्यातली नळी पहिल्या फेरीत टाकी भरलेली असल्याने निभावते. पातळी थोडी उतरली की दुसऱ्या फेरीत हवा ओढते. तुमचंही नेमकं दुसऱ्याच फेरीत होतंय, हे मला पुरेसं बोलकं वाटतं.

नळी डावीकडे नेली, टाकीखाली आणि बाजूंनी मऊ स्पंज भरला (टाकी लाकडाला टेकली की थरथरीने इंधनाचा फेस होतो, आणि फेस म्हणजे अर्धी हवाच), टाकीची मध्यरेषा कार्बुरेटरच्या जेटच्या पातळीला आणली. मधे एक छोटी हॉपर टाकी घातली. मुख्य टाकीची नळी हॉपरच्या वरच्या भागात येते, कार्बुरेटरची नळी हॉपरच्या तळातून निघते, आणि एक्झॉस्ट पाइपचा दाब फक्त मुख्य टाकीला जातो. चुकून आलेले बुडबुडे हॉपरच्या माथ्यावर अडकतात, इंजिनला सलग इंधन मिळतं. सुई होती तिथेच ठेवली. बोटीने सलग सहा फेऱ्या मारल्या.

त्यांनी ते तेव्हाही मान्य केलं नाही. "हवा पालटली म्हणून चालली," म्हणाले. म्हणून तुम्ही पुढचं सगळं क्रमाने तपासा, म्हणजे तुम्हाला कुणाच्या मताची गरज पडणार नाही.

टाकी बाहेर काढा. एक नळी सोडून बाकीच्या चिमटीत धरा, टाकी बादलीत बुडवा आणि उरलेल्या नळीतून फुंका. बुडबुडे निघाले तर बूच किंवा जोड गळतोय. पाइपवरचं दाबाचं निपल टाचणीने मोकळं करा, तिथे जळकं तेल साचतं. मग इंजिनची मागची प्लेट आणि कार्बुरेटरच्या मानेखालचा ओ-रिंग बघा. तिथून हवा शिरत असेल तर सुई कितीही फिरवा, इंजिन एका फेरीत एक वागेल आणि दुसरीत दुसरं.

इंजिनच्या डोक्याखालची फट तुम्ही मोजली असेल असं धरत नाही, कारण दोन प्लग गेले म्हणता. साधारण 0.8 मिमीची सोल्डरची तार वाकडी करून प्लगच्या भोकातून आत सोडा. टोक सिलिंडरच्या भिंतीला लागलं पाहिजे, आणि तेही पिस्टनच्या पिनच्या रेषेत, नाहीतर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन वरच्या टोकावरून पार करा, तार काढा, चेपलेलं टोक मायक्रोमीटरने मोजा. समोरच्या बाजूलाही हेच करा. 50 ते 60 टक्के नायट्रोवर 3.5 सीसीच्या इंजिनला मी 0.25 ते 0.30 मिमी ठेवतो. कमी टक्क्यांच्या इंधनासाठी बसवलेल्या शिम (फट वाढवणाऱ्या पातळ चकत्या) तशाच ठेवून इंधन तेवढं जास्त नायट्रोचं घातलं, की इंधन वेळेआधी पेटतं. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, प्लगची तार तुटते आणि पिस्टनच्या कडेला वाळूने मारल्यासारखे बारीक खड्डे पडतात. हे खड्डे दिसले तर सुई नंतर, आधी एक 0.1 मिमीची शिम वाढवा.

आता प्रॉप, म्हणजे मागचा पंखा. तो वाद इथेही होताच. त्या गृहस्थांचं म्हणणं, वेग हवा तर मोठा प्रॉप लावा. त्यांनी 3.5 सीसीवर ऑक्टुरा कंपनीचा एक्स 445 चढवला होता. या मालिकेत पहिला आकडा पिचचं (एका फेऱ्यात प्रॉप जितका पुढे सरकेल त्या अंतराचं) व्यासाशी गुणोत्तर सांगतो, पुढचे दोन मिलिमीटरमधला व्यास. म्हणजे 445 ला व्यास 45, पिच 1.4 पट, 63 मिमी. इंजिन त्याला ओढून मिनिटाला 22,000 फेऱ्यांवर अडकत होतं: 63 मिमी गुणिले 22,000, म्हणजे घसरण न धरता ताशी साधारण 83 किमी. एक्स 440 ला पिच 56 मिमी. तेच इंजिन त्यावर पाइपच्या पट्ट्यात (ज्या फेऱ्यांना पाइप इंजिनला साथ देतो) शिरून 26,000 ला गेलं की ताशी 87 होतात. लहान प्रॉपवर बोट जास्त वेगाने गेली, आणि वळणातून निघताना इंजिन धापा टाकत नव्हतं. जड प्रॉप वळणात इंजिनचे फेरे पाडतो, फेरे पाइपच्या पट्ट्याखाली गेले की बोट बुडल्यासारखी बसते. मग चालवणारा म्हणतो सुई रिच (इंधन जास्त) आहे, आणि कसतो. पुढच्याच सरळ मार्गावर प्लग जळतो.

पाइपची लांबी नुसत्या अंदाजाने कापू नका. एक्झॉस्ट उघडा राहण्याचे अंश गुणिले 520, भागिले (12 गुणिले मिनिटाचे फेरे): उत्तर मीटरमध्ये येतं. 180 अंश आणि 26,000 फेरे धरले तर 0.30 मीटर. हे पिस्टनच्या बाजूपासून पाइपच्या मागच्या निमुळत्या शंकूच्या मध्यापर्यंतचं अंतर आहे. पाइपच्या सर्वांत फुगीर भागापर्यंत ते यापेक्षा कमी भरतं, दोन मापांची गल्लत करू नका. सेकंदाला 520 मीटर हा गरम वायूतला ध्वनीचा वेग मी धरलाय, तेव्हा हे सुरुवातीचं माप समजा. हेडर (इंजिन आणि पाइप जोडणारी नळी) लांबच ठेवा आणि एका वेळी 3 मिमी कापा. कापलेलं परत जोडता येत नाही.

प्रॉप पाकिटातून काढून थेट लावला असेल तर तो तयार नाही. ओतीव पात्याची पुढची कड जाड असते. धार फक्त पुढच्या, म्हणजे बोटीकडे तोंड असलेल्या बाजूने घासून आणा. मागची, पाणी ढकलणारी बाजू तशीच ठेवा, पिच तिथेच आहे. मग तोल बघा, जड पातं पुढच्या बाजूनेच घासा. बेतोल प्रॉपची थरथर टाकीत फेस करते, म्हणजे फिरून त्याच आजाराकडे.

फ्लेक्स केबल (इंजिनपासून प्रॉपपर्यंतची लवचिक तार) बसवताना प्रॉपला फिरवणारा ड्राइव्ह डॉग आणि शाफ्टला धरणारा मागचा स्ट्रट यांच्यात 3 मिमी फट सोडा. भाराखाली केबल पिळून आखडते. फट नसेल तर ती स्ट्रटवर दाबून घासते, इंजिन जड होतं, पाण्यावर हे सगळं लीन (इंधन कमी) झाल्यासारखंच ऐकू येतं. केबलला दर खेळाच्या दिवसानंतर बाहेर काढून ग्रीस.

बोटीच्या बांधणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एवढं पाहा. बोट सपाट फळीवर ठेवून स्पॉन्सनच्या घासणाऱ्या पृष्ठाचा कोन दोन्हीकडे सारखा आहे का ते मोजा. 3 अंशांच्या आसपास चालेल, पण डावा 3 आणि उजवा 4 चालणार नाही. वजनाचा तोल स्पॉन्सनच्या मागच्या कडेच्या थोडा मागे, साधारण इंच-दीड इंच. शाफ्टची मध्यरेषा त्या कडेच्या पातळीला आणून सुरुवात करा. स्ट्रट खाली घेतला की मागचा भाग उचलला जातो, नाक खाली येतं आणि इंजिनवर भार वाढतो. वर घेतला की नाक मोकळं सुटतं, जास्त वर गेला तर वाऱ्याच्या झोतात बोट मागे उलटते. ही बोट दोन स्पॉन्सन आणि अर्ध्या बुडालेल्या प्रॉपवर धावते. 1950 साली लेक वॉशिंग्टनवर स्लो-मो-शन 4 ने ताशी 160 मैलांचा विक्रम केला तो याच तत्त्वावर, त्यामुळे अर्धा-अर्धा मिलिमीटरही इथे मोठा असतो.

हे सगळं झाल्यावर सुई. इंजिनच्या पुस्तिकेत असेल त्यापेक्षा अर्धा आटा जास्त उघडी ठेवून निघा. नेमके आटे मी सांगणार नाही, कारण ते कार्बुरेटर, पाइपचा दाब आणि त्या दिवसाची हवा यांवर ठरतात. सकाळच्या गार हवेत जास्त उघडी लागते, दुपारी थोडी कमी. दोन फेऱ्या मारा, सुई एक अष्टमांश आटा घट्ट करा, पुन्हा दोन फेऱ्या. सरळ मार्गाच्या शेवटी आवाज स्वच्छ आणि स्थिर, मागे धुराची बारीक रेषा. तिथे पूर्ण वेगात असतानाच इंजिन बंद करा, बोट आणवून प्लग बघा. तार चकचकीत आणि सरळ असली तर ठीक. करडी, खरखरीत दिसली तर पाव आटा उघडा आणि तिथेच थांबा. इंजिन बंद पडताना आवाज चढला तर लीन, घुरघुरत पडला तर रिच, चढ-उतार न होता एकदम थांबला तर केबल नाहीतर कार्बुरेटरमध्ये गेलेलं पाणी. बंद पडतानाचे ते दोन सेकंद फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

आणखी काही गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. ऑक्टुराचे धातूचे प्रॉप बेरिलियम-तांब्याचे असतात, त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे. फक्त ओल्या पॉलिश पेपरने घासा, मास्क घाला, घरात ओट्यावर करू नका. इंजिन स्टँडवर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त फुल्ल थ्रॉटलवर ठेवू नका, भार नसताना फेरे सुटतात आणि कनेक्टिंग रॉड जातो. "स्टँडवर खणखणीत" हे म्हणूनच काही सिद्ध करत नाही. प्रॉपच्या रेषेत कुणाला उभं करू नका. दिवस संपला की टाकी रिकामी करून इंजिनमधलं उरलेलं इंधन जाळा, आणि आफ्टर-रन ऑइल घालून फ्लायव्हील फिरवा. नायट्रोचा अवशेष दोन दिवसांत बेअरिंग गंजवतो. वरचे आकडे 3.5 सीसीसाठी आहेत, 7.5 किंवा 11 सीसीला फट, केबल आणि प्रॉप तिन्ही वेगळे.

टाकीतली नळी कुठल्या कोपऱ्यात आहे, प्रॉप कोणता आहे आणि डोक्याखाली किती शिम आहेत, एवढं कळवा. सुईचं त्यानंतर बोलू.