टर्बो गेला की पॅकिंग?

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालची टर्बो डिझेल गाडी आहे. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टकटक असा आवाज येतो आणि धायरीहून नवले पुलापर्यंत पोहोचेपर्यंत तो जवळजवळ नाहीसा होतो. मात्र कात्रजच्या घाटात गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, मागून काळा धूर निघतो आणि सिग्नलला थांबल्यावर एसीच्या झोतातून धुराचा वास येतो. गॅरेजमध्ये टर्बो बदलायला सांगितले आहे. एवढ्या जुन्या गाडीवर हा खर्च करावा का?
एक वाचक, धायरी

उत्तर : तूर्त करू नये. आपण सांगितलेल्या खुणांमध्ये सर्वांत बोलकी खूण म्हणजे इंजिन तापल्यावर विरणारा आवाज. सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बिडाचे असते. हेडशी (सिलिंडरांवरच्या झाकणाशी) असलेल्या त्याच्या सांध्यात बारीक फट पडली, तर थंड इंजिनात तिच्यातून धूर टकटक करत निसटतो, पण मॅनिफोल्ड तापून प्रसरण पावले की ती पुष्कळदा आपोआप मिटते. आपण गाडी चालवत गॅरेजला नेता, मेकॅनिक गरम इंजिनाला कान लावतो आणि त्याला काहीच सापडत नाही. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच तेथे सोडावी आणि सकाळची पहिली चावी त्याच्यासमोर फिरवावी. टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) बेअरिंग गेले असते, तर सहसा वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली असती आणि तेल जळाल्याचा निळसर धूर दिसला असता.

टर्बोचे चाक फिरते ते एक्झॉस्टच्या जोरावर. गळती टर्बोच्या आधी असेल, तर तो जोर वाटेतच सुटतो, इंजिनाला हवा कमी मिळते आणि डिझेल पुरते न जळता काळा धूर होऊन बाहेर पडते. गळती टर्बोच्या पुढे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला असेल, तर आवाज आणि वास येतो, पण ओढ फारशी कमी होत नाही. आपल्या गाडीत दोन्ही तक्रारी असल्याने माझा संशय मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर (सांध्यात बसवलेल्या पट्टीवर), टर्बोच्या फ्लँजवर (जोडाच्या कडेवर) किंवा ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या नळीवर आहे. इंटरकूलरचा (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज फाटला तरी ओढ कमी होऊन काळा धूर येतो. मात्र त्याचा फसफस आवाज घाटात, जोर लावतानाच येतो आणि होजवर तेलकट ओल दिसते. तोही तपासून घ्यावा.

शोधण्यासाठी आधी उष्णतारोधक पत्रा काढून विजेरीच्या उजेडात पाहावे. गळतीच्या जागी काजळीचा पिसाऱ्यासारखा फराटा उमटलेला असतो. तो न दिसल्यास थंड इंजिनाच्या सांध्यांवर साबणाचे पाणी मारून मागच्या पाइपातून ब्लोअरने मंद हवा सोडावी. जेथे बुडबुडे येतील तेथे गळती. पीयूसी मिळाली म्हणजे गळती नाही, असे समजू नये, कारण तपासणीची नळी मागच्या टोकाला लावतात आणि मध्येच निसटलेला धूर तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

दुरुस्तीत खरी कसोटी असते ती स्टडची, म्हणजे मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणाऱ्या आटेदार दांड्यांची. इतकी वर्षे तापून-निवून ते गंजलेले असतात आणि टोकाच्या सिलिंडरचे बहुधा आधी तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, सकाळी नट पाव फेरा सैल करून पुन्हा थोडा आवळावा आणि असे मागे-पुढे करतच तो काढावा. घाईने पाना मारला, तर स्टड हेडमध्येच मोडतो. मग त्यावर नट वेल्ड करून तो फिरवून काढावा लागतो किंवा ड्रिल करून नवे आटे बसवावे लागतात. मॅनिफोल्ड सुटल्यावर त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) वाक मोजावा. वाकलेल्या तोंडावर नवे पॅकिंग टिकत नाही. अशा वेळी भोसरीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये ते फेसिंग करून, म्हणजे तोंड घासून सपाट करून घ्यावे. स्टड, नट आणि पॅकिंग नवेच घ्यावे (नाना पेठेत सगळे मिळते) आणि मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळावे. या सांध्याला सिलिकॉन लावून देतो असे कोणी म्हणाल्यास त्याला थांबवावे. तेथली उष्णता ते सोसू शकत नाही.

काम होईपर्यंत गाडी सुरू ठेवून, एसी लावून थांबू नये. केबिनमध्ये हवा घेणारी जाळी काचेच्या पायथ्याशी, इंजिनाला लागूनच असते आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मॅनिफोल्डसाठी टर्बो सुटणारच आहे, तेव्हा त्याचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. तो वर-खाली किंचित हलला, तर चिंता नाही. पुढे-मागे सरकला किंवा पाती कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र आपल्या मेकॅनिकचे म्हणणे मान्य करावे लागेल.