नाव कामाच्या हक्काचे, वाद वर्गणीचा

प्रश्न : अमेरिकेतील ‘राइट टू वर्क’ कायदा आपल्या रोजगार हमीसारखाच आहे काय? मग कामगार संघटना त्याला विरोध का करतात?

उत्तर : नाव फसवे आहे, हा कायदा कोणालाही काम देत नाही. संघटनेला पैसे देणे ही नोकरीची अट ठरवणारे करार बेकायदा ठरवण्याची मुभा राज्यांना १९४७च्या टाफ्ट-हार्टली या केंद्रीय कायद्याने दिली; ती वापरून राज्यांनी केलेले कायदे म्हणजेच ‘राइट टू वर्क’. मात्र मान्यताप्राप्त संघटनेला वर्गणी न भरणाऱ्याच्या वतीनेही वेतनाची बोलणी करावी लागतात. पंगतीला सगळे, शिध्याला मोजकेच, हे संघटनांचे दुखणे आहे. न पटणाऱ्या संघटनेला आपल्या पगारातून पैसे का द्यावेत, हा समर्थकांचा सवालही मला क्षुल्लक वाटत नाही. मोटारउद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या मिशिगन राज्याने तर २०१२ साली केलेला हा कायदा २०२३ साली रद्द केला.