आयुष्याची तत्त्वं ठरवायची कशी?

तुम्ही लिहिलंय, वय एकतीस, वाचन भरपूर, पण ‘माझी तत्त्वं कोणती?’ याचं उत्तर सापडत नाही. माझं नागपुरात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याचं, दुकान आहे, म्हणून तिथलंच सांगतो.

कूलरच्या मोटरची कॉइल तांब्याच्या तारेनं भरतात, तशी ॲल्युमिनियमच्याही. ॲल्युमिनियम बरंच स्वस्त. दोन्हींवर इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा रंगासारखा थर असतो, त्यात वार्निश चढलं की गिऱ्हाइकाला काही कळत नाही. ब्लेडनं तार खरवडायची. आतून पांढरी निघाली की ॲल्युमिनियम. त्याच जाडीच्या तारेत त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, त्यामुळे तांब्याच्या जागी तीच जाडी भरली तर मोटर लवकर तापते.

बारा वर्षांपूर्वी, ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, दुकानात मोटरींचा ढीग पडला होता आणि तांबं संपलं. एका आजींच्या मोटरला मी ॲल्युमिनियम भरलं, पैसे तांब्याचे घेतले. आठ दिवसांत त्या भर दुपारी रिक्षातून परत आल्या. जळलेली मोटर फडक्यात गुंडाळलेली, घरी आजोबा अंथरुणाला खिळलेले. मला म्हणाल्या, “माह्यीच चुकी झाली भाऊ, रातदिवस चालू ठेवली मी.”

मी तांबं भरून दिलं, पैसे घेतले नाहीत. पण खरं सांगितलं नाही. ते राहूनच गेलं.

त्या रात्री झोप आली नाही. माझं पहिलं तत्त्व मला तिथं सापडलं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. एक वही घ्या, ज्या गोष्टींनी झोप उडवली त्या लिहा. आणि नुकसान सोसूनही शांत झोप लागली, असे प्रसंगही लिहा. पाच-सहा पुरेत.

मग त्यांची वाक्यं करायची. वाक्य कसं असावं हे मी दीक्षाभूमीवर शिकलो. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी तिथं लोकांना 22 प्रतिज्ञा दिल्या. मी चोरी करणार नाही. मी खोटे बोलणार नाही. मी दारू पिणार नाही. कर्ता ‘मी’, आणि आज पाळलं की मोडलं हे रात्री स्वतःला विचारता येतं. ‘प्रामाणिकपणा’ असा एक शब्द वहीत लिहून ठेवला तर त्याला काय विचारणार? उशीर झाला असंही समजू नका. धर्म सोडण्याची घोषणा बाबासाहेबांनी येवल्यात 1935 साली केली, दीक्षा 21 वर्षांनी घेतली. मधल्या काळात त्यांनी केवढा अभ्यास केला!

माझ्या वहीत आधी ‘उधार देणार नाही’ हेही होतं. ते मी खोडलं. उधारी बुडाली तर पैसे जातात, पण मान खाली जात नाही. तो धंद्याचा नियम झाला. मोडल्यावर स्वतःचीच लाज वाटते, ते तत्त्व. ही कसोटी लावली तेव्हा माझ्याकडे दोनच उरली. दुसरं असं, की रागात असताना कामावरच्या पोराचा हिशेब करणार नाही. त्यामागची गोष्ट त्या पोराची आहे, ती इथं सांगत नाही.

पहिलं मात्र मला पुढे बदलावं लागलं. ‘मी तांबंच भरीन’ असं लिहिलं होतं. एकदा चहाच्या टपरीवाला आला, म्हणाला, “भाऊ, एवढा सीझन निघाला पाहिजे, स्वस्तातलं भरून द्या.” माझ्या वाक्याप्रमाणे त्याला परत पाठवायला हवं होतं. विचार करता करता लक्षात आलं, आजींच्या बाबतीत माझी चूक ॲल्युमिनियमची नव्हतीच, लपवल्याची होती. त्याला मी ॲल्युमिनियम भरून दिलं, पैसेही ॲल्युमिनियमचेच घेतले. तेव्हापासून बिलावर मोटरच्या नंबराखाली तारेचं नाव लिहितो, आणि मोटर हातात देताना ते वाचून दाखवतो.