मडेरा बेटावरची सुट्टी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे अटलांटिक महासागरातील मडेरा या पोर्तुगीज बेटाविषयी होती. म्हणून या वेळचा स्तंभ त्या एकाच बेटाला दिला आहे.

प्रश्न : आम्ही दोघे आणि आमची दोन मुले मे महिन्यात आठ दिवस मडेराला जाणार आहोत. तिकिटे काढून झाली आहेत. परंतु फोनवर हवामानाचा अंदाज पाहावा तर रोज ढग आणि पाऊसच दिसतो. आमचा महिना चुकला का?

उत्तर : महिना उत्तम आहे. तुम्ही पाहिलेला अंदाज बेटावरच्या नेमक्या कोणत्या ठिकाणाचा होता, हे मात्र तपासून पाहा. मडेरा सुमारे ५७ किलोमीटर लांब आणि जेमतेम २२ किलोमीटर रुंद आहे, आणि एवढ्याशा जागेत मधला डोंगरकणा १,८०० मीटरच्याही वर गेलेला आहे. पिको रुइव्हो हे सर्वोच्च शिखर १,८६२ मीटर उंच आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरचा ओलावा घेऊन उत्तर उतारावर आदळतात, वर चढताना थंड होतात आणि तेथेच ढग होऊन साचतात. दक्षिण किनाऱ्यावरचे फुंशाल हे राजधानीचे शहर डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे पुष्कळदा कोरडे राहते. घाटमाथ्यावर धुवाधार पाऊस आणि पूर्वेला थोड्याच अंतरावर कोरडी हवा, हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. मडेरात भर पडते ती तिसऱ्या थराची. ढगांचा पट्टा बहुधा मधल्या उंचीवरच अडकून राहतो आणि शिखरे त्याच्या वर स्वच्छ उन्हात असतात. फुंशालमध्ये आभाळ भरून आले म्हणून खोलीत बसून राहणारे प्रवासी त्या दिवशीचा सर्वांत सुंदर देखावा गमावतात, कारण पिको दो अरिएरो या १,८१८ मीटर उंचीच्या शिखरापर्यंत मोटारीने जाता येते आणि तेथून खाली पसरलेला ढगांचा समुद्र पाहता येतो.

म्हणून आठ दिवसांचा कार्यक्रम घरूनच तारीखवार ठरवून नेऊ नका. कोणत्या गोष्टी पाहायच्या ते ठरवा. कोणत्या दिवशी पाहायच्या ते रोज सकाळी शिखरांवरच्या कॅमेऱ्यांची थेट दृश्ये पाहून ठरवा. डोंगराच्या पोटातून काढलेल्या बोगद्यांमुळे फुंशालहून उत्तर किनाऱ्यावरच्या साओ व्हिसेंटला तासाभराच्या आत पोहोचता येते, त्यामुळे एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून दिशा बदलणे सहज जमते. दर दोन दिवसांनी हॉटेल बदलण्याची हौस येथे अंगाशी येते, कारण पाऊस जेथे असेल नेमका तेथेच मुक्काम पडतो. मुलांसाठी गरम कपडे मात्र अवश्य घ्या. शिखरावरचे तापमान किनाऱ्यापेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहूनही कमी असू शकते, आणि वारा त्यावर आणखी बोचतो.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. तिचे गुडघे दुखतात, पण तिला जंगल पाहण्याची फार इच्छा आहे. मडेरातील ‘लेवाडा’च्या वाटा तिला झेपतील का?

उत्तर : काही वाटा नक्की झेपतील, आणि त्याचे कारण समजण्यासाठी लेवाडा म्हणजे काय ते पाहावे लागेल. लेवाडा म्हणजे आपल्या भाषेत पाट. पाऊस उत्तरेला आणि उसाची शेती मुख्यतः दक्षिणेला, ही अडचण सोडवण्यासाठी पंधराव्या शतकापासून येथील लोकांनी डोंगराच्या कडेने हे अरुंद पाट खोदून पाणी वळवले आणि पुढे बेटभर त्यांचे जाळे विणले. आज ते पाणी केळी, द्राक्षे आणि भाजीपाल्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांना मिळते. पाणी संथ वाहावे म्हणून पाटाला उतार अगदी थोडा दिलेला असतो, आणि पाटाच्या देखभालीसाठी केलेली पायवाट त्याच्या शेजारूनच जात असल्यामुळे तीही जवळजवळ सपाट असते. चढण नाही म्हणजे गुडघ्यांवरचा ताण कमी. खरी परीक्षा असते ती दृष्टीची आणि तोलाची, कारण अनेक ठिकाणी वाट दोन फुटांची, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी असते. काही ठिकाणी तारेचा कठडा असतो, काही ठिकाणी नसतो.

म्हणून प्रवासवर्णनांतून गाजलेली काल्देराओ व्हेर्देची वाट आईंसाठी निवडू नका. त्या वाटेवर ठेंगण्या छताचे, अंधारे, पायाखाली पाणी साचलेले बोगदे आहेत आणि धबधबा पाहून त्याच वाटेने परतावे लागत असल्यामुळे पूर्ण दिवस जातो. त्याऐवजी रिबेइरो फ्रिओ येथून बाल्कोइन्श या सज्जापर्यंत जाणारी वाट घ्या. ती एका बाजूने सुमारे दीड किलोमीटरची, रुंद आणि सपाट आहे, आणि आभाळ मोकळे असेल तर शेवटी मधली सर्व शिखरे समोर दिसतात. या भागातले जंगल ‘लॉरिसिल्व्हा’ या प्रकारचे आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी दक्षिण युरोपात पसरलेल्या आणि तेथून जवळजवळ नाहीशा झालेल्या वनांचा हा उरलेला ठेवा असून युनेस्कोने १९९९ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. येथील अनेक वृक्ष आपल्या दालचिनीच्या आणि तमालपत्राच्या कुळातले आहेत. त्यांची पाने धुके अडवतात, त्याचे थेंब जमिनीत मुरतात, आणि तेच पाणी पुढे झऱ्यांवाटे पाटात येते. आईंना झाडांचे प्रेम असेल तर एवढी एक वाट त्यांना पुरेल.

निघण्यापूर्वी वाट खुली आहे ना, याची चौकशी करा. दरड कोसळल्यामुळे किंवा वणव्यामुळे वाटा बंद होतात. ऑगस्ट २०२४ मधील वणव्याची झळ मधल्या डोंगरांना बसली होती. आता अनेक अधिकृत वाटांसाठी बाहेरच्या पाहुण्यांना शुल्क भरून आगाऊ नोंदणी करावी लागते.

प्रश्न : परतीच्या प्रवासात लिस्बनला विमान बदलण्यासाठी तीन तास मिळत आहेत. दोन्ही तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. एवढा वेळ पुरेल का?

उत्तर : घड्याळाच्या हिशेबाने पुरेल, वाऱ्याच्या हिशेबाने पुरणार नाही. मडेराचा विमानतळ डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. सन २००० मध्ये समुद्रालगत उंच खांब उभारून धावपट्टी २,७८१ मीटर लांब करण्यात आली. ते बांधकाम पाहण्यासारखे आहे. परंतु डोंगरावरून येणारा वारा काही धावपट्टीमुळे कमी झाला नाही, आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की येणारी विमाने शेजारच्या पोर्तो सांतो बेटाकडे किंवा आणखी दूर वळवावी लागतात. तिकिटे स्वतंत्र असल्यास चुकलेल्या पुढच्या विमानाची जबाबदारी कोणतीच कंपनी घेत नाही. एक रात्र लिस्बनला राहा, किंवा संपूर्ण प्रवास एकाच आरक्षणावर करा. परतीच्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर होण्याचा शब्दही कोणाला देऊ नका.

प्रश्न : मडेरात पोहण्यासाठी वाळूचे किनारे आहेत का? आणि शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होतात का?

उत्तर : वाळू थोडी आहे. बेट ज्वालामुखीतून बनलेले असल्यामुळे किनारे बहुतांशी गोट्यांचे किंवा थेट कड्यांचे आहेत. काल्हेटाची पिवळी वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे, तर सेशालला नैसर्गिक काळी वाळू आहे. मुलांना सर्वाधिक आनंद देणारी जागा म्हणजे पोर्तो मोनिझ येथील लाव्हाच्या खडकांत तयार झालेली समुद्राच्या पाण्याची कुंडे. लांबलचक सोनेरी किनारा हवाच असेल तर पोर्तो सांतोला जा; तेथे तो ९ किलोमीटरचा आहे आणि फुंशालहून बोटीने सुमारे अडीच तासांत पोहोचता येते.

जेवणाचे हाल होत नाहीत, पण विचारून घ्यावे लागते. रताळे घालून भाजलेली ‘बोलो दो काको’ ही लसूण-लोण्याची जाड पोळी आणि मक्याच्या पिठाचे तळलेले चौकोनी तुकडे सर्वत्र मिळतात. सूप भाज्यांचे दिसले तरी त्यात मांसाचा अंश असू शकतो, म्हणून ते मागवण्यापूर्वी खात्री करा. फळांच्या बाबतीत मात्र चंगळ आहे. हिवाळ्यात गेलात तर तेथील ‘अनोना’ अवश्य खा. ती सीताफळाची सख्खी बहीण आहे, फक्त तिच्या अंगावर डोळे नाहीत.