नॅनोबबल करायला घेताय? आधी हे वाचा

यकृताच्या कर्करोगाची गाठ अल्ट्रासाउंडवर उठून दिसावी म्हणून रक्तात सोडायचे, वायू भरलेले अतिसूक्ष्म बुडबुडे म्हणजे नॅनोबबल. ते गाठीला चिकटावेत म्हणून त्यांवर अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) लावतात. त्यासाठी ग्लिपिकन-३ हे प्रथिन लक्ष्य म्हणून निवडलं असेल तर ते योग्यच. हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाच्या, म्हणजे यकृतपेशींपासून होणाऱ्या कर्करोगाच्या, बहुतेक गाठींत ते सापडतं, निरोगी प्रौढ यकृतात जवळजवळ नसतं. पण ते कर्कपेशींवर असतं, रक्तवाहिनीच्या अस्तरावर नाही. नेहमीचे मायक्रोबबल १ ते १० मायक्रोमीटरचे, ते वाहिनीबाहेर पडतच नाहीत. म्हणून काहीशे नॅनोमीटरचा बुडबुडा.

खरी फसगत आकार मोजताना होते. माझीही झाली. डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं तंत्र) सुरेख आलेख आला, आनंदात अल्ट्रासाउंडचा प्रोब लावला, तर पडद्यावर अंधार! वायू भरलेला बुडबुडा कोणता आणि रिकामं लिपोसोम (वायू नसलेली मेदाची सूक्ष्म पिशवी) कोणतं, हे त्या यंत्राला कळत नाही. रेझोनंट मास मेजरमेंटची (एकेका कणाचं वस्तुमान मोजणारं तंत्र) सोय असेल तर ते वापरा; तरंगणारे आणि बुडणारे कण ते वेगवेगळे मोजतं. नसेल तर वायू काढलेला नमुना शेजारी ठेवून दोन्हींची प्रतिमा घ्या.

आत परफ्लुरोप्रोपेन हा वायू भरा, साधी हवा लगेच विरघळते. मेकॅनिकल इंडेक्स (अल्ट्रासाउंडच्या दाबाच्या जोराचा आकडा) कमी ठेवा, नाहीतर बघता बघता बुडबुडे फुटतील.

गाठ चमकली म्हणजे बुडबुडे चिकटले असं नाही. गळक्या वाहिन्यांतून अँटिबॉडी नसलेलेही झिरपतात. तेव्हा तसे बुडबुडे तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून, हवेतच, शिवाय मोकळी अँटिबॉडी आधी देऊन लक्ष्य अडवलेला एक गट. यकृतातल्या कुप्फर पेशी (परके कण गिळणाऱ्या संरक्षक पेशी) बुडबुडे गिळतात ते वेगळंच. प्रयोगाच्या प्राण्यात त्वचेखाली वाढवलेल्या गाठीत ही अडचण दिसत नाही, म्हणून एकदा तरी यकृतातच वाढवलेल्या गाठीवर तपासा.