पणजीहून कॅम्परव्हॅनने मोलें, दांडेली, खोतीगाव असा पाच दिवसांचा कौटुंबिक प्रवास करायचा आहे. काय तयारी करावी?

तुमचा बेत असा: दोघं मोठे, दोन शाळकरी मुलं, डिसेंबरातले पाच दिवस, भाड्याची कॅम्परव्हॅन (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी), आणि रात्री 'जंगलातच कुठेतरी गाडी लावून' झोपायचं. बेत छान आहे, शेवटचा भाग तेवढा काढून टाका. मोलेंचं भगवान महावीर अभयारण्य असो, खोतीगाव असो की अनमोडपलीकडचं, कर्नाटकातलं काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, परवानगीशिवाय आत मुक्काम करता येत नाही. किनाऱ्यावर किंवा रस्त्याकडेला उघड्यावर स्वयंपाक केलात तर गोव्यात दंड होतो.

म्हणून चार रात्रींच्या चार जागा आधी पक्क्या करा, रस्ता मग ठरवा. होमस्टे किंवा रिसॉर्टवाल्यांना फोनवर तीन गोष्टी विचारा. साडेनऊ-दहा फूट उंचीची गाडी फाटकातून आत येते का? (फणसाच्या फांद्या आणि खाली लोंबणाऱ्या तारा यांचं नीट विचारा.) १५ अँपिअरचा पॉवर प्लग अंगणापर्यंत मिळेल का? कॅसेट टॉयलेट (गाडीतल्या संडासाची बाहेर काढता येणारी मैल्याची टाकी) रिकामं करायला शौचालय वापरू देतील का? तिन्हींना 'हो' आलं तरच आगाऊ पैसे भरा.

प्लग का हवा, ते हिशेबाने पाहा. बहुतेक व्हॅनमध्ये आतले दिवे, पंखे, फ्रिज चालवायला १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. कागदावर ती १८०० वॉट-अवर, पण निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे वापरायला ९००. छोटा फ्रिज दिवसाला पाचशेच्या आसपास खातो, १५ वॉटचे दोन पंखे नऊ तास चालले की २७०, उरलेलं दिवे आणि मोबाईल. एका रात्रीत संपलं. एसी यावर जेमतेम तासभर चालेल, तेव्हा त्याचा विचारच नको. गाडी चालताना बॅटरी चार्ज होते हे खरं, पण आपल्याकडे अंतरं लहान. पणजी ते मोलें साठेक किलोमीटर, दीड-दोन तासांत पोचलात की चार्जिंग अर्धवटच राहतं. लांब पल्ल्याच्या सहलींचे सल्ले वाचून येणाऱ्यांची फसगत नेमकी इथेच होते. एक्स्टेन्शनची वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची घ्या आणि रीळवरून पूर्ण उलगडून मगच प्लग लावा. गुंडाळलेली वायर तापते आणि तिचं आवरण वितळतं.

टॉयलेटची कॅसेट १८-२० लिटरची असते, चौघांना दीड-दोन दिवस पुरते. तिच्यात ओतायचा निळा द्राव फॉर्मल्डिहाइडचा असेल तर नको म्हणा. गावातल्या घरांना सेप्टिक टाकी असते आणि या द्रावाने त्यातले मैला कुजवणारे जिवाणू मरतात. एन्झाइमवाला द्राव मागा. कॅसेट ओढ्यात किंवा झुडपात कधीच ओतू नका. त्याच ओढ्याचं पाणी खाली कुणाच्या तरी बागायतीला आणि विहिरीला जातं.

पाण्याची टाकी १०० लिटरची धरा. आंघोळी मुक्कामाच्या ठिकाणी उरकल्या तर भांडी आणि हात-तोंड धुण्याला दिवसाला ३० लिटर पुरतं. पिण्यासाठी २० लिटरचा जार वेगळा ठेवा.

अनमोड घाट चढताना अडचण नाही, फक्त अवजड ट्रकच्या मागे सावकाश राहा. जपायचं ते जोयड्याहून कारवारकडे येताना, अणशी घाटाच्या उतारावर. भरलेली व्हॅन साध्या कारच्या दुप्पट जड असते. दुसऱ्या गियरमध्ये उतरा आणि ब्रेक सलग दाबून न ठेवता थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ब्रेक फ्लुइड जुनं असेल तर त्याने हवेतला ओलावा शोषलेला असतो. तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. जळका वास आला की मोकळी जागा बघून थांबा, चाकाला उताराच्या बाजूने दगड लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. गाडी ताब्यात घेतानाच फ्लुइड कधी बदललं ते विचारा.

कागदपत्रंही तेव्हाच बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, अपघात झाला तर विमा नाकारला जातो. कर्नाटकात न्यायला परवाना आणि कर भरलेला आहे का, तेही पाहून घ्या. गोव्यातली दारू परमिटशिवाय सीमेपलीकडे नेऊ नका, चेकनाक्यावर गाडी तपासतात.

दूधसागर धबधब्याला व्हॅन जात नाही. कुळेंहून जीपनेच जावं लागतं, वाटेत ओहळ ओलांडायचे असतात. व्हॅन कुळेंला लावून सकाळी लवकर रांगेत उभे राहा. बोंडला अभयारण्यही बघणार असाल तर गुरुवार टाळा, त्या दिवशी बंद असतं.

संध्याकाळी सहानंतर जंगलातून गाडी चालवू नका. गवा रस्त्यावर येतो, आणि काळ्या अंगामुळे अंधारात तो अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दिसतात ते फक्त पायांचे पांढरे मोजे. तसं दिसलं तर थांबा, दिवे डीम करा, हॉर्न नको, आणि कळपातला शेवटचा जाईपर्यंत हलू नका. एक ओलांडला की मागून बहुधा आणखी असतात. माकडांसाठी मागचं दार कायम लावलेलं हवं; पावाची पिशवी दिसली की ती सरळ आत शिरतात.

मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट जपा: गोचीड. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि आसपासच्या जंगलपट्ट्यात डिसेंबर ते मे माकडतापाचा हंगाम. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, वाळक्या पाचोळ्यावर बसणं नाही. परतल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे तपासा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. आठवड्याभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

शेवटच्या दिवशी चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य बघायचं असेल तर व्हॅन रायबंदरलाच ठेवा. ओहोटीला फेरीबोटीचा रॅम्प उतरता होतो आणि व्हॅनचा मागे आलेला भाग घासतो, कधी सांडपाण्याचा पाइपच तुटतो. पायी फेरीत बसा. आतली होडीची फेरी भरतीच्या वेळेला धरा, ओहोटीला कांदळवनातल्या खाजणात होडी शिरत नाही.